देवांवरची वीट

(नल्लकुंटा, हैदराबाद. १९५६ सालचा ऑक्टोबर संपत आलेला. पद्मावतम्मांच्या घरातली पुढची, भाड्याने दिलेली खोली. भाडेकऱ्यांचं सामान बांधून भिंतीशी लावलेलं. विटांच्या जमिनीवर ओली वाळू पसरून घरमालकीण पद्मावती आणि भाडेकरीण कुसुमताई समोरासमोर बसल्या आहेत. मध्ये जात्याची वरची तळी. तिच्या तोंडातून ओवलेल्या दोराचं एकेक टोक दोघींच्या हातात. कुसुमताईंचे यजमान लक्ष्मणराव बांधाबांधीत आत-बाहेर करताहेत.)

कुसुमताई: ओढा अम्मा, जोर लावून ओढा. असं केलं तर वीट घासायची नाही, नुसती गोंजारल्यासारखी व्हईल.

पद्मावती: ओढते ना. तू दोर सोडशील तर ओढेन. तू तिकडून धरूनच बसली.

कुसुमताई: सोडला बगा. सैल हाय.

पद्मावती: हां, आला. वाळू संपला इथे, टाक अजून. आणि पाणी नक्को जास्त. सगळा गारा माझ्या पायात येतो.

कुसुमताई: पान्याबिगर दगड तापतो. भिंतीकडच्या विटा काल कशा झाल्या? तळहात फिरवा, कुठं अडतो का?

पद्मावती: भिंतीकडे चांगला झाला. मधला तो वीट नाही होणार. लई उंच आहे.

कुसुमताई: ती वीट.

पद्मावती: मला तो दिसतो. इतकी वर्षं तू शिकवते, मला तो तोच दिसतो. काय करू?

कुसुमताई: काही करू नका. औरंगाबादला अशी मराठी मला कोन ऐकवनार? आज ऐकून घेते.

पद्मावती: असं बोलू नक्को. हात थांबतो माझा.

कुसुमताई: बरं, नाही बोलत. ओढा.

पद्मावती: तो नवा भाडेकरू, कर्नूलचा साहेब, परवा आला, टेबल ठेवून बघितला इथे. तुझ्यासमोरच कदा, हो ना? म्हणतो, "अम्मा, टेबल नाचतो. जमीन सरळ करून द्या, नाहीतर मी बरकतपुऱ्यात खोली बघतो." त्यांचा सगळा दफ्तर कर्नूलहून इकडे येतो. सगळ्यांना घर पाहिजे, पण नाचणारा नक्को.

कुसुमताई: टेबल नाचलं म्हनं! आमी इतकी वर्षं ह्याच जमिनीवर जेवलो. कढी वाढली की पत्रावळीतून निघायची अन् दाराकडं पळायची. आमी काही बोललो का? घरात सगळ्यांना ठाव व्हतं, कढी असली की भिंतीकडं बसायचं, पुरनपोळी असली की कुठं बी.

पद्मावती: तुझा जावई आला होता पहिल्यांदा, त्याला मधे बसवला.

कुसुमताई: ह्यांनीच बसवला, हाताला धरून. जावयाचा मान मधी म्हनून! सगळं वरन त्याच्या नव्या धोतरावर. तो बिचारा पत्रावळ इकडून उचलतो, तिकडून उचलतो. भामा आतून हासायली अन् मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पद्मावती: मी पण हसले. माझ्या घरात, दाराच्या मागे.

कुसुमताई: ठाव हाय. आवाज आला व्हता.

लक्ष्मणराव: अगं, होल्डॉलचा पट्टा कुठं ठेवलास? सगळं सामान धुंडाळलं. आणि हे काय, अजून घासणंच चाललंय? मी काल म्हटलं होतं, अंबरपेठेहून एखादा गवंडी बोलावतो, काम खतम.

कुसुमताई: गवंड्यानं बिघडवली व्हती का? ज्यांनी बिघडवली त्यांनीच नीट करून द्यायची.

लक्ष्मणराव: आणि तीही जात्याच्या तळीनं? कुणी बघितलं तर काय म्हणेल!

कुसुमताई: काय म्हनंल? खालची तळी फुटली, वरची शाबूत हाय. दळन तर आता चक्कीवर जातं. गाडीत वजन नको म्हनून तुमीच हिला न्यायची नाही म्हनला. कोपऱ्यात बसून ऱ्हान्यापेक्षा कामाला आली बिचारी.

पद्मावती: लक्ष्मणराव, पाय तिकडे ठेवा, इथे ओला आहे. तुम्ही सांगा मला. दिवाळी समोर आहे. दिवाळी करून गेले तर काय होतो? मी मुरकुलु, आमची चकली, तळला आहे डबाभर.

लक्ष्मणराव: अम्मा, माझ्या हातात असतं तर तुमचा डबा संपवूनच गेलो असतो. पण एक तारखेला तिकडं हाजिर व्हा असा हुकूम आहे. हुकूम नाही म्हणायचं आता. आदेश. रुखसत मागावी तर तीही मिळत नाही. रुखसत नाही, रजा! बघा, सगळी जिंदगी उर्दूत मिसली, म्हणजे फायली, लिहिण्यात गेली. आता तिकडं 'आपणांस कळविण्यात येते की' असं लिहायचं म्हणे. मराठी माणूस मी, आणि मला मराठीची धास्ती वाटते.

कुसुमताई: झोपेत बी म्हनतात अम्मा, आपनांस कळविन्यात येते की. मी म्हनते, कळलं, आता झोपा.

पद्मावती: अय्यो. आणि तो रेघ कोणी मारला? हैदराबादचे तीन तुकडे केले म्हणतात. रेघ आमच्या नल्लकुंट्यातून गेला का? माझा दार इकडे, ह्या खोलीचा दार तिकडे?

लक्ष्मणराव: रेघ लांब आहे हो, पार तिकडं धर्माबादपाशी. आम्ही परभणीचे, म्हणून आमचं नाव तिकडच्या यादीत. मला कुणी विचारलं नाही, खरं सांगतो. आणि विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, तेही मला माहीत नाही. तिकडं आपली भाषा आहे, भामाचं सासर जवळ आहे. आणि इथं… इथं काय कमी होतं?

पद्मावती: पट्टा खिडकीत आहे. होल्डॉलचा. मीच ठेवला.

लक्ष्मणराव: अस्सं! म्हणजे तुम्ही आमचा पट्टा लपवून आम्हाला थांबवणार होतात?

पद्मावती: लपवला नाही. ठेवला.

लक्ष्मणराव: बरं, बरं. संध्याकाळच्या आत आटपा. उद्या काचीगुड्याच्या स्टेशनावर लवकर पोचायचंय. आणि ती मधली वीट सोडू नका हं, साहेबांचं टेबल तिच्यावरच नाचलं होतं.

कुसुमताई: गेले एकदाचे. सामान बांधायला लागल्यापासून ह्यांना घरातलं काहीच सापडत नाही. थांबा अम्मा, हलू नका. कपाळाला गारा उडालाय तुमच्या.

पद्मावती: कुठे? इथे?

कुसुमताई: मधोमध. लाल.

पद्मावती: पूस. लवकर पूस, दार उघडा आहे.

कुसुमताई: विटेचा गारा तर हाय.

पद्मावती: रस्त्यावरून बघणाऱ्याला काय माहीत? विधवा बाई, कपाळ लाल. तू पूस, माझा हात पण भरला आहे.

कुसुमताई: पुसलं. किती मोठं कुंकू लावायच्या तुमी! मी परभनीहून नवी आले, तवा तुमच्या दारात पहिलं तेच दिसलं मला.

पद्मावती: आणि तू ह्या दारात उभी. सकाळपासून. ट्रंकेला धरून. मी म्हणते, कूर्चो, कूर्चो. तू हलत नाही.

कुसुमताई: मला काय कळतंय? बस म्हनत व्हत्या, हे लई मागून कळलं. कधी गावाबाहेर गेले नव्हते मी. हे दफ्तरात निघून गेले, दिवसभराची खोली खायला उठली. भिंती परक्या, बोली परकी. रडू यायलं, पर रडायचं कुनापुढं? मग तुमी आल्या. हात धरला अन् खाली बसवलं, ह्याच जात्यापुढं. समोर तुमी बसल्या. खुंटा दोघींच्या हातात. बोलायचं काही कामच पडलं नाही.

पद्मावती: ज्वारी होता. तुझ्या गावाचा, पांढरा. आमच्या घरात सगळे भात खाणारे. मला वाटला, इतका सारा पीठ ही एकटी कधी खाणार?

कुसुमताई: अन् आज पुन्हा तसंच बसलोय बगा. तीच तळी, तुमी तिकडं, मी इकडं. पीठ तेवढं लाल पडायलं.

पद्मावती: तेव्हा जमीन सरळ होता, कुसुमताई. त्यांनी केला होता. शाळेतून यायचे, धोतर खोचायचे, सूत बांधून बसायचे. एक एक वीट हाताने. मजूर बोलावू म्हटलं तर रागवायचे. पूर्ण झाला तेव्हा एक गोटी आणला, इथे मधे ठेवला. म्हणतात, "पद्मा, बघ. हलतो का?" गोटी हलला नाही. पोरासारखे खूश झाले. मोठे मास्तर, शाळेत सगळे घाबरतात, आणि घरात गोटी घेऊन बसतात.

कुसुमताई: निळी गोटी. मला बी दाखवली व्हती. जो येईल त्याला दाखवायचे. चहा नंतर, आधी गोटी.

पद्मावती: आपण दोघींनी बिघडवला त्यांचा जमीन.

कुसुमताई: हौसेनं नाही बिघडवली अम्मा. रझाकारांचं साल व्हतं ते. पान हललं तरी वाटायचं, दार वाजलं. हे परभनीला अडकलेले, मास्तर तापानं खाटेवर. घरात कुनी उभं मानूस नाही. मीच म्हनले, दुसरं काही जाऊ द्या, देव तरी लपवू.

पद्मावती: तू खुरपं आणला, मी उलथनं आणला.

कुसुमताई: सोनं व्हतंच कुठं? माझे चांदीचे टाक, खंडोबाचा अन् भवानीचा, सासूबाईंनी दिलेले. अन् तुमची वरलक्ष्मी, तो चांदीचा मुखवटा. एकाच हंड्यात घातलं सगळं. तुमी रेशमी चोळी फाडली गुंडाळायला.

पद्मावती: लग्नाचा चोळी होता. खंडोबा आणि लक्ष्मी एका चोळीत. मी हात जोडले, म्हटले, देवा, माफ कर, जागा कमी आहे.

कुसुमताई: मग विटा परत बसेनात! खाली हंडा, वर मातीचा ढीग. एक दाबली की दुसरी वर येती.

पद्मावती: आणि ते खाटेवरून ओरडतात, "दोघी काय करता? आवाज काय येतो?" भिंतीला धरून धरून उठून आले. बघितले. मला वाटलं, आता रागवतील. अय्यो, किती हसले! म्हणतात, "मी जमीन केला, तुम्ही दोघींनी डोंगर केला." हसता हसता खोकला आला. मी पाणी दिले. मग म्हणाले, "आता हात नका लावू. बरा झालो की मी सरळ करतो."

कुसुमताई: हौ. इथंच उभे व्हते. घोंगडी पांघरून.

पद्मावती: बरा झालो की.

कुसुमताई: बसा अम्मा घटकाभर. दोर ठेवा खाली.

पद्मावती: नाही, ओढ. हात चालू असला की बरा असतो. पोरगा सिकंदराबादहून येतो, दर वेळी म्हणतो, "अम्मा, सिमेंट घालू." मी नक्को म्हणते. का, ते नाही सांगत. त्याला वाटतं, म्हातारी कंजूस आहे. ते करतो म्हणाले होते ना. दुसऱ्या कोणी केला तर त्यांचं काम काढून घेतल्यासारखं होतं.

कुसुमताई: मला कळत व्हतं. म्हनून मी बी कधी विषय काढला नाही. पर कढीचा राग यायचा हं.

पद्मावती: कढीचा मला पण यायचा.

कुसुमताई: पोलीस अ‍ॅक्शन झालं अन् आपन देव काढले, तवा तरी नीट बसवायला पायजे व्हतं.

पद्मावती: तेव्हा ते नव्हते. कोणाला सुचतो वीट?

कुसुमताई: ते बी खरं. अन् गंमत बगा, देव निघाले तरी त्या विटेवर कुनी पाय दिला नाही. खाली काही नाही हे सगळ्यांना ठाव. तरी मी वळसा घालायची, हे वळसा घालायचे, भामा तर पळत आली तरी बरोबर बाजूनं जायची. म्हनून ती उंच हाय अम्मा. इथं वाका, बगा कडेनं. ती वर आली त्याहून जास्त बाकीच्या खाली गेल्यात. पायांनी.

पद्मावती: हौ ना. खरंच. विटा पण कच्चा होता, स्वस्त मिळाला म्हणून आणला त्यांनी. बाकीचे आपण रोज घासले. मला वाटायचं, तो वर येतो.

कुसुमताई: आता एक बोलते, रागावू नका. देव मी बांधलेत. टाक माझ्या पेटीत गेले. वरलक्ष्मी वेगळी ठेवली, तुमच्याच साडीच्या फडक्यात. ती तुमच्या हातात द्यायची हाय.

पद्मावती: नक्को.

कुसुमताई: तुमची हाय. तुमच्या आईनं दिलेली.

पद्मावती: ते गेले तेव्हापासून तुझ्याजवळ आहे. श्रावणात तू कलश मांडते, तू तिला नथ घालते, तू ओवाळते. सुवासिनीचा व्रत आहे तो. मी आत बसून चिंचेचा भात करते. मी तिला घेऊन काय करू? डब्यात ठेवू?

कुसुमताई: मी तरी कशी नेऊ? आमच्याकडं हे व्रत नाही. तुमी आतून सांगायच्या, आता दोरा बांध, आता फूल वाहा, तसं मी करत गेले. तिकडं मला कोन सांगनार? पहिल्या वर्षी काय झालं व्हतं, विसरल्या का?

पद्मावती: ते कसं विसरेन! तू भंडारा उधळला.

कुसुमताई: मला काय ठाव! देव म्हनलं की भंडारा. मूठभर हळद उडवली अन् तोंडातून येळकोट निघालं!

पद्मावती: माझी लक्ष्मी सगळी पिवळी. डोळे नाही दिसत, नाक नाही दिसत. बायका बसल्या होत्या, एकमेकीकडे बघतात. मी आत पातेल्यापाशी. ते गेले त्यानंतर मी हसले नव्हते, कुसुमताई. कोणी हसवायला आला तर राग यायचा. त्या दिवशी पदर तोंडात घातला, तरी हसू थांबेना. मग रडले. पण हसले आधी.

कुसुमताई: मला वाटलं, तुमी रागावून आत रडायल्या. मी दोन दिवस तोंड नाही दाखवलं.

पद्मावती: म्हणून तुझ्याकडे ठेवली. तुझ्याकडे ती खूश आहे.

कुसुमताई: अम्मा, असं म्हनू नका. माझा जीव अडकलाय हिच्यापायी. बाकी सगळं सामान बांधून झालं, हे एक बांधता येत नाही. नेली तर तुमचं घर रिकामं करून चालले असं वाटतं. ठेवली तर तुमी तिला डब्यात ठेवनार. उद्या गाडी सुटायची, अन् माझं काही ठरत नाही.

पद्मावती: मला पूजा नक्को. मला फक्त बघायचं असतं. श्रावणात एक दिवस, ह्या दारातून. नथ घातली की ती माझ्या आईसारखी दिसते. तेवढाच होता माझा सण. आता तो पण गेला.

कुसुमताई: नाही जायचा. त्या साहेबाची बायको येनार ना इथं? कर्नूलची?

पद्मावती: मग?

कुसुमताई: मग काय? तुमच्यातली बाई. सुवासीन. ती वरलक्ष्मी करतच असंल.

पद्मावती: तिची वेगळी असेल. तिच्या सासूची.

कुसुमताई: असू द्या की. दोघी शेजारी बसल्या तर काय भांडत्यात? आपली तर खंडोबाजवळ बसली हंड्यात. हीच खोली, हीच जागा. ती कलश मांडील, तुमी आत चिंचेचा भात करा. दारातून बगा.

पद्मावती: मी तिला काय सांगू? तोंड कसा उघडू? नवी बाई, साहेबाची बायको, टेबल-खुर्चीवाले लोक. पहिल्या दिवशी जाऊन म्हणू का, बाई, माझी लक्ष्मी तुझ्या घरात ठेव? ती म्हणेल, ही म्हातारी गळ्यात पडते. महिना झाला की भाडं देईल, हात जोडेल, दार लावेल. मी इकडे, ती तिकडे.

कुसुमताई: आपलं तर झालं व्हतं.

पद्मावती: आपलं जात्याने झालं. तिला जातं कशाला लागेल? ती पीठ चक्कीवरून आणेल. विचारायला, सांगायला काही तरी निमित्त पाहिजे ना.

लक्ष्मणराव: झालं का? बाजूला व्हा जरा, मी तांब्याभर पाणी आणलंय. ओतून बघू. अम्मा, मास्तरांची गोटी नाही, पाण्यावरच भागवू.

पद्मावती: गोटी आहे. माझ्या पेटीत. पण नक्को, पाणीच ओता.

लक्ष्मणराव: ओततो. वा! बघा, बघा. कुठंच पळत नाही. कमाल केलीत दोघींनी. आता जावयाला कुठंही बसवा, वरणाची हिंमत नाही हलायची.

कुसुमताई: अन् जावयाला बसवायला आपनच नाही.

लक्ष्मणराव: हं. फक्त ही मधली तेवढी राहिली. पाणी हिच्या भोवतीनं जातंय.

कुसुमताई: बगा अम्मा, पानी बी वळसा घालतंय.

लक्ष्मणराव: उठा तुम्ही, तो दोर द्या इकडं. थोडे हात मारले की हीसुद्धा बसेल खाली.

पद्मावती: नक्को.

लक्ष्मणराव: तुम्ही दमलात, म्हणून म्हटलं.

पद्मावती: दमले नाही. तो वीट राहू दे.

लक्ष्मणराव: अहो, पण साहेबांचं टेबल?

पद्मावती: टेबल भिंतीकडे ठेवतील. खिडकी तिकडे आहे, उजेड पण तिकडे आहे. मी सांगेन साहेबाला.

कुसुमताई: अम्मा, टेबलाचं जाऊ द्या. त्या बाईला ठेच लागंल. तिला काय ठाव, वळसा घालायचा?

पद्मावती: लागू दे.

कुसुमताई: नव्या घरात आल्या आल्या?

पद्मावती: छोटा लागेल. कडा आपण गोल करू, बोट फुटायला नक्को. पण लागू दे. ठेच लागली की ती विचारेल कदा? सगळा जमीन सरळ आणि मधे हा एकच वीट असा का? कोणी पण विचारेल. तिने विचारला की मला तोंड उघडायला मिळेल. मग सगळं सांगेन. गोटी, हंडा, चोळी, तुझा भंडारा, सगळं. लक्ष्मीचं शेवटी सांगेन, हळूच.

लक्ष्मणराव: मी… मी जरा फडकं आणतो. पाणी पुसायला.

कुसुमताई: गेले बगा. ह्यांना डोळ्यात पानी आलं की फडकं आठवतं.

पद्मावती: आणि ते म्हणाले होते, मी सरळ करतो. सगळं आपणच केलं तर त्यांच्यासाठी काय राहिलं? एक राहू दे.

कुसुमताई: राहू द्या. मग लक्ष्मी आणून देऊ?

पद्मावती: दे. फडक्यासकट दे. आणि श्रावणात तू पण ये. काचीगुड्याला उतरली की घर किती लांब आहे?

कुसुमताई: येईन. टाक बी घेऊन येईन. त्यांची बी भेट व्हईल.

पद्मावती: भंडारा नक्को आणू.

कुसुमताई: चिमूटभर आनीन. धरा दोर. ह्या कडा तेवढ्या गोल करू. हळू ओढा हं आता.

पद्मावती: आता हळू म्हणते. सकाळपासून, जोर लावा, जोर लावा.

कुसुमताई: आता घाई कशाची? झाल्या की उठावंच लागंल. अम्मा, तिनं इचारलं, ही वीट अशी का, तर कुठून सुरू करनार? मास्तरांपासून का रझाकारांपासून?

पद्मावती: कुठून पण नाही. आधी कूर्चो म्हणेन.

कुसुमताई: तिला तर लगेच कळंल. तिची बोलीच ती. माझ्यावानी हात धरून बसवायचं काम नाही पडायचं तुमाला.

पद्मावती: तरी धरेन.